खडीवर कर की राडारोड्यावर? युरोपातले वेगवेगळे मार्ग

बांधकामावरच्या प्रदूषण कराचं उत्पन्न पाहून युरोपातल्या कोणत्या देशाचा कित्ता गिरवावा हे ठरवत असाल, तर नुसत्या रकमेवर जाऊ नका. ब्रिटनमध्ये खडीवरचा कर खाणवाला भरतो आणि राडारोड्यावरचा कर भराव-डेपोचा, म्हणजे कचरा जमिनीत पुरायच्या जागेचा, चालक. बिल्डरकडे तो वाढीव भावातून पोचतो. त्यामुळे आकडेवारीत बांधकामाच्या नावापुढे दिसणारी कराची रक्कम त्या क्षेत्रावरचा खरा भार दाखवेलच असं नाही.

ब्रिटननं दोन्ही कर लावले. 1996 पासून भरावावर, 2002 पासून वाळू, खडी आणि दगडावर. खडीचा दर सुरुवातीला टनाला 1.60 पौंड होता, 2025-26 मध्ये 2.08. तेवीस वर्षांत अर्ध्या पौंडाचीही वाढ नाही! पुनर्वापराच्या खडीला आणि स्लेटच्या खाणीतल्या टाकाऊ दगडाला सूट आहे, ही त्यातली शहाणपणाची बाजू. भराव कराचा सर्वसाधारण दर मात्र त्याच वर्षी टनाला 126.15 पौंड, आणि माती-विटा-काँक्रीटसारख्या निष्क्रिय कचऱ्याला फक्त 4.05. एवढी तफावत असली की मिश्र कचरा 'माती' म्हणून खपवायचा मोह होतोच. माझ्या मते ही या रचनेतली सर्वांत मोठी चूक आहे.

डेन्मार्कनं 1987 मध्येच कचऱ्यावर कर आणला. 2010 पासून भरावाचा दर टनाला 475 क्रोनर आहे. सोबत बांधकामाच्या जागीच कचरा वेगळा करायची सक्ती. तिथं भरावात जाणारा माल घटला की करही घटतो. तिजोरीला तोटा दिसतो, पण करामागचा हेतू साध्य झालेला असतो.

स्वीडनचा 1996 चा कर फक्त नैसर्गिक रेतीखडीवर आहे, कारण तिचे थर भूजल गाळतात आणि साठवतात. फोडलेल्या खडकाला तो नाही, म्हणून बांधकामं तिकडे वळली.

नेदरलँड्सनं 1997 मध्ये पुनर्वापरायोग्य राडारोडा भरावात टाकायलाच बंदी घातली. जर्मनीत तर भराव कर नाहीच, तरी तिथला बहुतांश राडारोडा पुन्हा वापरात येतो.

स्थिर उत्पन्न हवं असेल तर ब्रिटनसारखा खडी कर घ्या, पण दर महागाईशी बांधून. कचरा कमी करायचा असेल तर डेन्मार्कचा दर आणि वर्गीकरणाची सक्ती एकत्रच आणा. नुसता कर आणला तर ट्रक रात्री नदीकाठी रिकामे होतील.