वंशावळीची साइट, नऊ महिने: सगळं मिळतं, धंदा सोडून

परवा सकाळी बँकेचा मेसेज आला आणि हे लिहायला बसलो. पुढच्या सहा महिन्यांची वर्गणी साइटने परस्पर कापून घेतली. आधी मेल पाठवली होती म्हणतात. पाठवली असेलही, पण ‘तुमच्या पूर्वजांबद्दल नवीन माहिती!’ असल्या रोजच्या तीन-तीन मेलांच्या ढिगाऱ्यात ती कुठे गेली देव जाणे. पैसे परत मागितले तर ‘अटी मान्य करताना आपण वाचलं असेलच’ असं गोड उत्तर आलं. अटी आजवर कोणी वाचल्यात?

पैसे भरून जुन्या नोंदींत पूर्वज शोधायची ही साइट. नाव घेत नाही. ट्री म्हणजे आपण तिथे बांधायचं घराण्याचं झाड, हिंट म्हणजे साइट आपणहून सुचवते तो पूर्वज, सर्च म्हणजे शोध. एवढं पुरे.

पार्श्वभूमी एवढीच. मी मूळचा सिन्नरचा, गेली अठरा वर्षं इंग्लंडात, लीड्समध्ये. बायको इथलीच. तिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या एकच वाक्य चालत आलंय: ‘आपण चाकं करणारे.’ बस्स. कुठल्या गावात, कधी, कोण, कोणालाच ठाऊक नाही. सासरेबुवांच्या पंचाहत्तरीला हा चाकवाला सुतार शोधून द्यावा असं ठरवलं. भेट मनापासूनची होती, आणि घड्याळापेक्षा स्वस्तही पडणार होती.

सुरुवात झकास झाली, हे कबूल केलं पाहिजे. इंग्लंडात १ जुलै १८३७ पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. दर दहा वर्षांची जनगणनाही आहे, आणि १८५१ पासून तिच्यात माणूस कुठल्या पॅरिशमध्ये, म्हणजे कुठल्या चर्चच्या हद्दीत, जन्मला तेही लिहिलेलं असतं. त्यामुळे आजपासून मागे मागे जात १८४१ पर्यंत पोचायला दोन संध्याकाळी लागल्या. सेल्बीच्या बाजूचं एक गाव, एक विधवा, दोन मुलगे, दोघंही व्हीलराइट. म्हणजे आपला चाकवाला सुतार. तिच्या नवऱ्याचा मृत्युदाखला सरकारी रजिस्टर ऑफिसातून तीन पौंडांत स्क्रीनवर मिळाला: जोसेफ, वय ६०, व्हीलराइट, मृत्यू १८३९. मी बायकोला म्हटलं, झालं काम, उरलेले पाच महिने वर्गणी फुकट जाणार.

तिथून पुढे गाडी रुतली.

१८३९ मध्ये साठ, म्हणजे जन्म १७७९ च्या आसपास. आता सगळी भिस्त चर्चच्या पॅरिश रजिस्टरांवर. तसं पाहिलं तर ही रजिस्टरं १५३८ पासूनची. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवायचं. एवढा साठा उशाशी असताना माझा जोसेफ मिळेना. १७७९, दोन वर्षं अलीकडे-पलीकडे, गावाचं नाव, आडनाव: शून्य. शेजारच्या पॅरिशमध्ये मात्र त्याच नावाआडनावाचा एक, बाप्तिस्मा १७८०. साइटवर चौदा जणांनी हाच जोसेफ आपल्या झाडाला टांगलेला. हिंट तर दर आठवड्याला तोच सुचवत होती.

मला तो पटेना, कारण त्याच्या बापाचा धंदा काय हेच कळत नव्हतं. आणि इथे माझी या साइटबद्दलची मुख्य, किंबहुना एकमेव खरी तक्रार सुरू होते.

धंद्याचा रकाना उतरवलेलाच नाही.

रजिस्टरात तो असतो. १८१३ पासून तर इंग्लंडभर छापील फॉर्म आले, आणि बाप्तिस्म्याच्या फॉर्मवर बापाचा हुद्दा किंवा धंदा यासाठी वेगळा रकानाच आहे. साइटवर रजिस्टराच्या पानाचा फोटो उघडा, पाद्रीबुवांनी स्वच्छ लिहिलेलं असतं: व्हीलराइट, ब्लॅकस्मिथ, लेबरर, कॉर्डवेनर म्हणजे नव्या चामड्याचे जोडे शिवणारा. पण साइटने शोधासाठी जी नोंद उतरवली, तिच्यात नाव, तारीख, आईबाप, गाव. धंदा गायब. ज्याच्याबद्दल ‘चाकं करायचा’ एवढीच माहिती आहे अशा माणसाला चाकांवरून शोधताच येत नाही! गावं दहा निवडा, धंदा ‘व्हीलराइट’ टाका, मिनिटभरात यादी हातात. तर ते नाही.

आमच्याकडे तलाठी सातबाऱ्यावर पीक लिहायचा, विहीर लिहायचा, इतर हक्कांत सोसायटीचा बोजा लिहायचा. एका वर्षी माझ्या आजोबांच्या उताऱ्यावर पेरलेलं एक पीक चढलं नाही तर त्यांनी तालुक्याला तीन खेपा घातल्या होत्या. रकाना म्हणजे रकाना. इथे वर्षाकाठी शंभर पौंडांच्या वर मोजून मला अर्धा उतारा मिळतो. आणि फ्रीरेग नावाच्या साइटवर स्वयंसेवक घरी बसून, एक छदाम न घेता नोंदी उतरवतात, त्यांत बापाचा धंदा असतो! फक्त माझं गाव त्यांच्याकडे अजून झालेलं नाही. नशीब.

कस्टमर सर्व्हिसला तीन पत्रं लिहिली. तिन्हींना उत्तर एकच: ‘आपली सूचना संबंधित टीमकडे पाठवली आहे.’ तिसऱ्या वेळी मी विचारलं, टीममध्ये किती माणसं आहेत? त्याला उत्तर नाही.

दोन तारे. तेही १८३७ नंतरच्या सोयीसाठी.

तीन महिन्यांनंतर

वरचं सगळं तसंच ठेवतोय. पण आता थोडं बदलून बोलावं लागणार आहे.

पैसे कापले गेलेलेच होते. म्हटलं, वसूल करू. शोधाची खिडकी बंद केली आणि रोज रात्री जेवणानंतर गावाच्या रजिस्टराचे फोटो पान पान वाचायला लागलो. १७७५ पासून पुढे. आठवडाभरात पाद्रीबुवांचं अक्षर लागायला लागलं. त्यांचा ‘डब्ल्यू’ म्हणजे दोन बदकं पोहताना दिसावीत तसा.

आणि १७७७ नंतर रजिस्टराची कळाच पालटली. यॉर्कमध्ये विल्यम डेड नावाचे एक पाद्री होते. त्यांचा आग्रह असा की नुसतं ‘अमक्याचा मुलगा’ लिहून भागणार नाही. मूल कितवं, जन्मतारीख कोणती, बापाचा धंदा काय, बापाचा बाप कोण, आई कोणाची मुलगी, सगळं आलं पाहिजे. आर्चबिशपने ती पद्धत आपल्या धर्मप्रांतात लागू करायला सांगितली. मोठ्या गर्दीच्या पॅरिशांनी फारसं मनावर घेतलं नाही, पण आमचे बदकवाले पाद्रीबुवा शिस्तीचे. एकेक नोंद म्हणजे छोटी वंशावळच. तीर्थोपाध्यायांच्या चोपडीत पणजोबांचं नाव सापडावं तसं होतं.

सप्टेंबर १७८३ च्या पानावर तो सापडला. एकाच दिवशी एकाच घरातल्या तीन मुलांचा बाप्तिस्मा. मधला जोसेफ, दुसरा मुलगा, जन्म फेब्रुवारी १७७९. बाप विल्यम, व्हीलराइट. विल्यमचा बापही व्हीलराइट. आई शेजारच्या गावच्या लोहाराची मुलगी. जागा पुरेना म्हणून ‘व्हीलराइट’ची शेवटची तीन अक्षरं वरच्या ओळीत चढवलेली. मी खुर्चीतून उठलो. घरात सगळी झोपली होती, सांगणार कोणाला? उभ्या उभ्या थंड दूध प्यायलो.

साइटने काय केलं होतं? जन्मतारखेचाही रकाना गाळला होता. तिन्ही मुलांपुढे अंदाजे जन्मसाल १७८३ टाकलेलं. जणू तिळीच! म्हणून १७७९ शोधून तो येत नव्हता.

पण तिन्ही एकदम का? ते कळलं तेव्हा मला हा विल्यम फार आवडला. १ ऑक्टोबर १७८३ पासून सरकारने पॅरिश रजिस्टरातल्या प्रत्येक नोंदीवर तीन पेनी स्टॅम्प ड्युटी बसवली होती. गरिबांना माफ, बाकीच्यांनी भरायची. तो कर १७९४ मध्ये रद्द झाला. कर लागू व्हायच्या आधीच्या आठवड्यांत बऱ्याच गावांत लोकांनी राहिलेली पोरं उरकून घेतली. विल्यमने तीन पोरांचे नऊ पेनी वाचवले. हा माणूस माझ्याच वाणाचा. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, ‘माझ्या घराण्यात तुझ्यासारखा कोणीतरी असणार अशी मला शंका होतीच.’

आता तो दुसरा, चौदा झाडांवरचा जोसेफ. त्याला निकालात काढल्याशिवाय झोप लागेना. शेजारच्या पॅरिशची दफनाची पानं वाचली. १७८१ च्या जानेवारीत तो पुरलेला आहे, लेबररचा मुलगा, वय पाच महिने. नोंद उतरवताना आडनाव चुकलं होतं, म्हणून शोधात येत नव्हती. पाच महिन्यांचं बाळ चौदा झाडांचा मूळपुरुष होऊन बसलंय. चौदाही जणांना मेसेज केले. एकाने आभार मानले, एक रागावला, बाकीचे गप्प. रागावलेल्याने लिहिलं की त्याचं झाड वीस वर्षांचं आहे. असेल.

तरी मनात किडा होताच. १८३९ मध्ये वारलेला जोसेफ आणि १७८३ च्या पानावरचा जोसेफ एकच, कशावरून? धंदा जुळतो, गाव जुळतं, पण त्या गावात या आडनावाची मोप माणसं. चर्चचं रजिस्टर माणसाच्या तीन दिवसांची नोंद ठेवतं. मधली छप्पन्न वर्षं तो होता कुठे, हे कळायला जमिनीचे कागद लागतात. आणि ते साइटवर नव्हते.

इथे वेस्ट रायडिंगचं, म्हणजे यॉर्कशायरच्या ज्या पश्चिम भागात आमचं गाव येतं त्याचं, भाग्य थोर. इंग्लंडात बहुतेक ठिकाणी खरेदीखतं मालकाच्या ट्रंकेत पडून राहायची, यॉर्कशायरमध्ये मात्र ती नोंदवायची सोय होती. वेस्ट रायडिंगचं नोंदणी ऑफिस १७०४ ला सुरू झालं, १९७० ला बंद झालं. तिथली दफ्तरं आता वेकफिल्डच्या वेस्ट यॉर्कशायर हिस्टरी सेंटरमध्ये आहेत. गेलो. पेन बॅगेत, बॅग लॉकरमध्ये, हातात पेन्सिल. आधी नावांची सूची, मग गावांची सूची, मग खंड, पान, नंबर. आपल्याकडच्या दुय्यम निबंधकाच्या सूचीत शोध घेतला असेल त्याला दहा मिनिटांत जमेल, माझ्या शेजारचे गृहस्थ मात्र तासभर चाचपडत होते. पूर्ण खत तिथे नसतं, गोषवारा असतो, आणि किंमत बहुधा लिहिलेली नसते. (मी ती आधी शोधली.) कॉपीहोल्डची, म्हणजे मॅनरच्या (जमीनदाराच्या) दप्तरी लागणारी जमीन तिथे नोंदत नसत, आपली निघाली फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीची.

१८११. विकत घेणारा जोसेफ, व्हीलराइट. मालमत्ता: घर, कारखाना आणि वाडगं, ‘जे पूर्वी विल्यम, व्हीलराइट, याच्या आणि आता सदर जोसेफ, त्याचा मुलगा, याच्या वहिवाटीस आहे.’ उत्तरेस रस्ता, पूर्वेस ओढा. चतुःसीमा! दोनशे वर्षांपूर्वीचा इंग्रज कारकून आणि सिन्नरचा बाँडरायटर एकाच शाळेत शिकले असावेत. त्या एका वाक्यात बाप, लेक, धंदा, जागा, सगळं गाठ मारून ठेवलेलं.

मग लँड टॅक्सच्या याद्यांवरही खूण पटली. त्या यादीत मालक आणि वहिवाटदार वेगळाले लिहितात. बरीच वर्षं दुसऱ्याच्या जागेत वहिवाटदार असलेला जोसेफ १८१२ पासून दोन्ही रकान्यांत. १८३६ च्या कायद्यानंतर टाइथचे नकाशे झाले, चर्चला द्यायचा धान्यातला दशांश, म्हणजे टाइथ, रोख रकमेत बदलताना. त्या नकाशासोबतच्या यादीत त्याची विधवा मालकीण: ‘घर, कारखाना, आवार’, ३२ पर्च. एकराला १६० पर्च आणि ४० गुंठे, म्हणजे चार पर्चांचा एक गुंठा. बरोबर ८ गुंठे. सासरेबुवांना पर्च कळेना. मला गुंठ्यात केल्यावर एकदम जागा दिसली. तुंब्याला एल्म, आऱ्यांना ओक, वरच्या घेराला ॲश, ही लाकडं वर्षानुवर्षं वाळत ठेवायची तर तेवढी जागा हवीच. आमच्या गावचा सुतार गाडीच्या चाकावर तापलेली धाव चढवायचा तेव्हा आम्ही पोरं लांब उभी राहून बघायचो; त्याच्या अंगणातही चार माणसं बसायला जागा नसायची, सगळीकडे बाभळीचे ओंडके.

तारे किती द्यायचे? साइटचा शोध अजूनही दोनच ताऱ्यांचा. पण रजिस्टराचे फोटो स्वच्छ आहेत, पान उलटायला वेळ लागत नाही, मोबाइलवरही वाचता येतं. फोटोंना चार. धंद्याचा रकाना असता तर मी ती पानं वाचलीच नसती आणि ते पाच महिन्यांचं बाळ मला दिसलं नसतं, हे खरं. तरीही रकाना हवा. चौथं पत्र पाठवलंय.

घेणाऱ्यांसाठी: फॅमिलीसर्च नावाची अशीच साइट फुकट आहे, आधी ती संपवा. मग गावातल्या ग्रंथालयात विचारा. इथल्या बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांत पैसेवाल्या साइट्स सभासदांना फुकट बघता येतात. हे मला वेकफिल्डच्या त्या चाचपडणाऱ्या गृहस्थांनी सांगितलं, मी त्यांना सूची कशी बघायची ते शिकवल्यावर. माझ्या दोन्ही वर्गण्या भरून झाल्या होत्या.

पंचाहत्तरीला खताची प्रत फ्रेम करून दिली. सासरेबुवांनी चष्मा लावून दोनदा वाचली, ओढ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘ही जागा विकली कोणी?’ ते अजून शोधतोय. नव्वद दिवस उरलेत, आणि वर्गणी बंद करायचा अलार्म या वेळी आठ दिवस आधीचा लावलाय.