1/72 सॉपविथ कॅमल किट: घ्या, पण कागदावरचा क्रम बदला

पहिल्या महायुद्धातल्या या दुपंखी लढाऊ विमानाचं 1/72 मापाचं, म्हणजे खऱ्याच्या 72व्या हिश्शाएवढं, प्लास्टिक किट पैसे वसूल करून देतं. पंख्याच्या पाती बारीक आहेत, दोन्ही व्हिकर्स मशीनगन आणि त्यांच्यावरचा तो उंटाच्या वशिंडासारखा उंचवटा सुबक उतरलाय. तक्रार एकच, पण मोठी: सोबतच्या कागदात आधी वरचा पंख बसवून मग रंग द्यायला सांगितलंय. तसं केलंत की ब्रश आत जात नाही आणि वरच्या पंखाची खालची बाजू कोरीच राहते.

स्प्रू, म्हणजे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटी, आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, साच्याचं तेल राहिलं तर रंग सोलून येतो. भाग कापताना 2 मिमी टोक ठेवून मग घासा.

खालच्या पंखावर घाई नको. खऱ्या कॅमलचा वरचा पंख बनवायला सोपा जावा म्हणून सरळ ठेवला होता, खालचा मात्र दोन्ही बाजूंना 5 अंश वर उचललेला. या मापात पंखांची टोकं सुमारे 5 मिमी वर यायला हवीत. किटमधला सांधा सैल आहे. गोंद सुकेपर्यंत टोकांखाली पुठ्ठ्याचे तुकडे लावून ठेवा, नाहीतर बाहेरचे चार स्ट्रट, म्हणजे दोन पंखांमधले खांब, वर टेकतच नाहीत, आणि मग माणूस स्ट्रट ओढून चिकटवतो नि पंख वाकडा होतो.

पंखांमधल्या ताणाच्या तारांसाठी 0.3 मिमी भोकं रंगाआधीच पाडा. असा ड्रिल बिट सोनारकामाच्या हत्यारांच्या दुकानात मिळतो, बेळगावच्या शहापुरात विचारा. तारेला मोती ओवायचा 0.1 मिमी नायलॉन दोरा चालतो. एक टोक सुपरग्लूने पक्कं करून दुसऱ्याला कपड्यांचा चिमटा लटकवा. दोरा ढिला राहिलाच तर पेटती उदबत्ती जवळून, न टेकवता, सावकाश फिरवा. दोरा डोळ्यांदेखत आवळतो. अर्धा सेकंद जास्त थांबलात तर तुटतो.

वरचा रंग म्हणजे पीसी 10, त्या काळच्या ब्रिटिश विमानांचा तपकिरी-हिरवा रंग. त्यात मुळात गेरूच्या जातीची पिवळट माती आणि काजळी असायची, त्यामुळे नुसता ऑलिव्ह हिरवा मारला की विमान खोटं दिसतं. पिवळ्या ऑकरच्या 10 थेंबांत काळ्याचा 1 थेंब घालून स्प्रूवर पाहा. खालची बाजू कोऱ्या लिननच्या कापडासारखी फिकट पिवळसर. पावसाळ्यात बेळगाव-खानापूरकडे लॅकर प्रायमर (थिनरमधला अस्तराचा रंग) स्प्रे करू नका: थिनर उडताना प्लास्टिक गार पडतं, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग पांढुरका होतो. ब्रशने ॲक्रिलिक लावा, दोन-तीन पातळ हात.

या विमानात इंजिन पंख्याबरोबरच गरगर फिरायचं आणि वंगणाचं एरंडेल बाहेर फेकायचं. म्हणून इंजिन आणि पंखा एकमेकांना चिकटवा, आणि पोटाखाली पातळ तपकिरी ओघळ मागच्या दिशेने ओढा.

डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा, भिजवायला बोअरचं पाणी नको, क्षारांचे पांढरे डाग उठतात. फिल्टरचं घ्या. 1917 साली कॅमल उडवणारे भारतीय वैमानिक हरदितसिंग मलिक यांच्या विमानाच्या खुणा या डिकॅलमध्ये द्यायला हव्या होत्या. आपल्याकडे हे किट घेणाऱ्याला त्याच लावाव्याशा वाटतील.