पिशवीतली 'पहिली छपाई' आणि माझे 38,500 रुपये

आधीच सांगून टाकतो, हसायचं असेल तर हसा. पोलीस हसून झाले, मेहुणा हसून झाला, सोसायटीचे सेक्रेटरी अजून हसतायत. 38,500 रुपये गेले. जुन्या कॉमिक्सपायी. वय वर्षं 54.

पद्धत तुम्हाला ठाऊक आहे तीच. जुन्या पुस्तकांचा व्हॉट्सॲप ग्रुप, "आजोबा मर्चंट नेव्हीत होते, वाशीचं घर रिकामं करतोय", तीन-चार फोटो, "अजून दोघं मागे लागलेत", आणि मग टोकन. त्यात नवीन काही नाही. पण मला या विषयातलं कळतं अशी माझी समजूत होती, आणि तिनेच घात केला.

कळत होतंच म्हणा. अल्बर्ट कँटरने अमेरिकेत ऑक्टोबर 1941 मध्ये गाजलेल्या कादंबऱ्या चित्रांतून सांगणारी 'क्लासिक कॉमिक्स' ही मालिका सुरू केली. पहिलं पुस्तक 'थ्री मस्केटिअर्स', 64 पानं, किंमत दहा सेंट. 'जेकिल अँड हाइड' तेरावं, 1943 चं. 'फ्रँकेनस्टाइन' सव्विसावं, 1945 चं. यातलं जेकिल मी शाळेत असताना ठाण्यात नौपाड्यातल्या रद्दीवाल्याकडे उभ्या उभ्या वाचलं होतं. मूळ इंग्रजी कादंबरी वाचायची तेव्हा ताकद नव्हती, चित्रांवरून गोष्ट कळली आणि रात्री झोप उडाली. तेव्हा लोभी म्हणू नका. निदान नुसता लोभी म्हणू नका. मला ही पुस्तकं विकायची नव्हती, फ्रेम करून भिंतीवर लावायची होती.

तर हीच तीन पुस्तकं, तिन्ही 'पहिली छपाई'. विकणारा 42,000 म्हणाला, मी घासाघीस केली आणि वर खूशही झालो. मस्केटिअर्सचे 18,000, फ्रँकेनस्टाइनचे 14,500, जेकिलचे 6,000. टोकन 3,500 शुक्रवारी रात्री यूपीआयने. रविवारी ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल पकडून वाशी. स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीपाशी तो उभा होता, पंचविशीचा, इस्त्रीचा शर्ट, वाकून नमस्कार करणारा.

पुस्तकं पारदर्शक पिशव्यांत, टेपने सील केलेली, मागे पांढरा जाड पुठ्ठा. मी टेपला नख लावलं तर म्हणाला, "काका, उघडलं की किंमत पडते. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही जाणकार." आतल्या पानाचा फोटो त्याने आधीच पाठवला होता, त्यावर 'कॉपीराइट 1945' स्वच्छ दिसत होतं. तो फोटो खोटा नव्हता. पुनर्मुद्रणातही कॉपीराइटचं जुनंच साल राहतं. नुसत्या सालावर छपाई ओळखू नका.

आणि आता ते, ज्याने रात्री दोनला जाग येते. फ्रँकेनस्टाइनच्या मुखपृष्ठावर वरच्या डाव्या कोपऱ्यात पिवळी चौकट होती. त्यात लिहिलं होतं 'क्लासिक्स इलस्ट्रेटेड'. मी ते वाचलं. बोट ठेवून वाचलं. या मालिकेचं नाव 1947 पर्यंत 'क्लासिक कॉमिक्स' होतं, हे मी स्वतः दहा जणांना ऐकवलंय! 1945 च्या पुस्तकावर 1947 चं नाव कसं येईल? किंमतही पंधरा सेंट छापलेली, दहा नव्हे. आणि मी काय म्हणालो? "वा, रंग काय टिकलेत!" ऊन होतं, घरून दोनदा फोन आला होता, हे सगळं खरं. पण "तुम्ही जाणकार" ऐकल्यावर डोळे मिटले ते मिटलेच. उभ्या उभ्या 35,000 पाठवले.

घरी मुलीने कात्रीने टेप कापली, पुठ्ठा काढला, पुस्तक उलटं केलं. मागच्या पानावर मालिकेतल्या पुस्तकांची यादी असते, मागवण्यासाठी. "बाबा, ही यादी 167 पर्यंत आहे. तुमचं पुस्तक सव्विसावं ना?" 167वं पुस्तक 1962 चं आहे. म्हणजे माझी 'पहिली छपाई' त्याही नंतरची. पुठ्ठा कशासाठी होता ते तेव्हा कळलं. यादीतला सगळ्यात मोठा आकडा बघा, बाकी काही बघू नका. पुठ्ठा काढू देत नसेल तर चहा पिऊन परत या.

फोर्टच्या फुटपाथवरच्या ओळखीच्या पुस्तकवाल्याने तिन्हींचे मिळून 900 सांगितले, तेही माझा चेहरा बघून.

पुढचा तमाशा वेगळाच. ठाण्यात पोलिसांकडे गेलो, तर "व्यवहार नवी मुंबईत झाला, आयुक्तालय वेगळं, तिकडे जा." खाडीपलीकडे गेलो, तर "पैसे ठाण्याच्या खात्यातून गेले ना?" मी म्हटलं, झिरो एफआयआर घ्या, हद्द कुठलीही असो, कायद्यात आहे. हवालदारसाहेबांनी चष्मा वर केला. "काका, वस्तू मिळाली ना हातात? मग फसवणूक कुठली? सिव्हिल मॅटर आहे." म्हटलं, खोटं सांगून पैसे घेतले, जुनं कलम 420, आता न्याय संहितेतलं 318. तर शेजारच्याला म्हणतात, "अरे ऐक, कार्टूनच्या पुस्तकाचे साडेअडतीस हजार!" दीड तास बाकावर बसवलं, मग साहेब बंदोबस्ताला गेले. तिसऱ्या फेरीत साध्या कागदावर अर्ज घेतला, पोच द्यायला शिक्का सापडेना. बँकेत गेलो तर काउंटरवरची मुलगी गोड आवाजात, "सर, पिन तुम्हीच टाकलात ना?" टाकला बाई, मीच टाकला!

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन मी अकराव्या दिवशी केला, लाजेपायी. तुम्ही पहिल्या तासात करा, पैसे दुसरीकडे वळायच्या आत. चॅट पुसू नका. मी रागाच्या भरात अर्धी पुसली.

मंगळवारी दुसऱ्या एका ग्रुपवर तोच आतल्या पानाचा फोटो आला. खाली तीच निळ्या फुलांची चादर, कोपऱ्यात तोच चहाचा डाग. फ्रँकेनस्टाइन, पहिली छपाई, आता 16,000. खाली मी एवढंच लिहिलं, "मागचं पान दाखव." दोन मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं.