बोटांच्या ठशांवरून पोराची बुद्धी सांगणारं सेंटर: दीड स्टार, त्यातला एक एसीला

सेंटरचं नाव लिहीत नाही, आमच्या सिंधुदुर्गातल्या एका बाजारपेठेच्या गावात आहे एवढं पुरे, आणि असल्या जाहिराती हल्ली शाळेच्या गेटवर पण वाटतात त्यामुळे तुमच्याकडे पण कोणीतरी येईलच. सर्व्हिस अशी की मुलाच्या दहाही बोटांचे ठसे मशीनवर घेतात आणि आठ दिवसांनी रिपोर्ट देतात, त्यात पोराचा मेंदू कसा आहे, कुठली बुद्धी किती टक्के, त्याने शिकायचं कसं आणि पुढे जाऊन काय व्हायचं हे सगळं असतं. फी साडेचार हजार. फॅमिली पॅकेज नऊ हजार, आईबाप आणि आजोबा धरून. आम्ही पॅकेज घेतलं. हसू नका.

झालं असं की आमचा पोरगा सहावीत, गणितात ४० पैकी १४. बाईंनी डायरीत लिहून पाठवलं. हिला टेन्शन, मला आंब्याचा सीझन, त्यात कोणीतरी हिला पत्रक दिलं, ‘तुमच्या मुलाला ओळखा’. म्हटलं चला, एकदा ओळखून घेऊ.

जागा चांगली. एसी मस्त, एप्रिलमधे देवगडवरून घामाघूम होऊन गेलो तर तिथून उठावंसं वाटेना, पाणी पण थंड दिलं. काउन्सेलर मुलगा गोड बोलणारा, सर सर करत होता. पोराचे ठसे झाले, माझे झाले, हिचे झाले, मग अण्णांचा नंबर. आता अण्णांनी आयुष्यभर बागेत काम केलंय आणि काजूच्या तेलाने बोटांची सालं किती वेळा गेली त्याचा हिशोब नाही, रेशन दुकानात पण त्यांचा अंगठा लागत नाही, तिथला माणूस दर महिन्याला वैतागतो. इथे पण तेच. पुसलं, ओलं करून बघितलं, डावा हात, उजवा हात, काही नाही. शेवटी काउन्सेलर म्हणाला सर दादाजींचा रिपोर्ट जनरेट नाही होणार. अण्णा उठले, धोतर सारखं केलं आणि म्हणाले, “म्हणजे माका बुद्धीच नाय तर.” पैसे मात्र पॅकेजचेच घेतले.

रिपोर्ट ३८ पानांचा, गुळगुळीत कागद, फाईल कडक. पोराची गणिती बुद्धी ७.८ टक्के. आठ नाही, ७.८. खाली सल्ला, सायन्स आणि कॉमर्स टाळावं, मुलगा ‘कायनेस्थेटिक लर्नर’ आहे, म्हणजे हातापायाने शिकणारा. माझ्या रिपोर्टमधे लिहिलंय मी जन्मजात लीडर आहे. घरी विचारा.

आता दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. रोडवर आमचा छोटा स्टॉल असतो, दुपारी मी जेवायला आलो की पोरगा बसतो. मी परत येत होतो तर मुंबईची गाडी थांबलेली, गिऱ्हाईक म्हणालं साडेतीन डझन कितीला, भाव ६५० डझन. हा फळांवरचा पेंढा झटकत होता, मान पण वर न करता म्हणाला २२७५. त्यांनी अडीच हजार दिले, याने २२५ परत दिले, वर पिकायला दोन दिवस लागतील, फ्रीजमधे ठेवू नका हे पण सांगितलं. मी विचारलं कसं काढलंस रे? “तीन डझनाचे एकोणीसशे पन्नास, अर्ध्याचे सव्वातीनशे, झाले की.” रात्री मुद्दाम वहीत तेच दिलं, ६५० गुणिले ३.५. मांडणी केली, हातचे घेतले, उत्तर लिहिलं २२७५०. पॉइंट कुठे गेला कोण जाणे. म्हटलं अरे साडेतीन डझन आंब्यांचे साडेबावीस हजारांच्या वर? तर म्हणतो, “बाबा, ह्यात आंबे कुठे आहेत?”

मी गप्प बसलो. मग रात्री पेट्या भरून झाल्यावर मोबाईलवर शोधत बसलो की हे फक्त आमच्याकडेच आहे की काय. नाही हो. ब्राझीलमधे रेसिफे म्हणून शहर आहे, तिथे बाजारात नारळ वगैरे विकणाऱ्या पोरांवर तेरेझिन्हा कॅराहर आणि तिच्या सोबतच्यांनी अभ्यास केला, १९८५ मधे छापून आला. पोरं पाचच होती, पण आकडे बघा. गाडीवर हिशोब विचारला तर ९८ टक्के बरोबर, आणि तसलेच हिशोब कागदावर नुसते आकडे म्हणून दिले तर ३७ टक्के. त्यात एक बारा वर्षांचा पोरगा, एक नारळ ३५ ला, दहाचे किती? दहाने गुणायला शून्य लावा हे शाळेतलं तो वापरतच नाही, तीन नारळांचे १०५, अजून तीन म्हणजे २१०, असं करत करत ३५० वर येतो. आमच्या पोराचीच पद्धत, फक्त तिकडे नारळ आणि इकडे हापूस.

आणि आपल्याकडे पण झालंय. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर, अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के ही मोठी मंडळी त्यात आहेत, त्यांचा अभ्यास २०२५ मधे ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात आला. तिथे पण तेच, बाजारातला अवघड हिशोब तोंडी करणारी पोरं शाळेच्या साध्या मांडणीत अडकतात. पण उलटं पण आहे बरं का, शाळेत गणित जमणारी, बाजारात कधी न बसलेली मुलं बाजारातल्या हिशोबात गडबडतात. म्हणजे येणं आणि न येणं एकाच डोक्यात शेजारी शेजारी राहतं, आणि ठसा घेऊन त्यातलं कुठलं दिसणार? ठशाच्या रेषा आईच्या पोटात असतानाच पक्क्या होतात, जन्मानंतर पोरगा काय शिकला त्याने त्या हलत नाहीत. मग सहावीत तो कुठे अडकलाय ते त्या कशा सांगतील, एवढं साधं माझ्या नऊ हजार द्यायच्या आधी डोक्यात आलं नाही. लीडर.

काउन्सेलरला फोन करून हे विचारलं तर म्हणाला सर हे हॉवर्ड गार्डनरच्या थिअरीवर आहे. गार्डनर खरा माणूस आहे, अमेरिकेतला मानसशास्त्रज्ञ, बुद्धी एकच नसते अनेक प्रकारची असते हे त्याने १९८३ मधे मांडलं, पण त्यात बोटांच्या ठशांचा काही संबंध नाही. आणि ते बघून शिकणारा, ऐकून शिकणारा, हातापायाने शिकणारा हे जे आहे त्याची २००८ मधे पॅशलर आणि इतरांनी नीट तपासणी केली, प्रकारानुसार शिकवल्याने मुलं जास्त शिकतात याला धड पुरावा सापडला नाही. रिपोर्टमधे मात्र त्याच्यावर सहा पानं, रंगीत.

वाचता वाचता एक वेगळंच सापडलं ते सांगतो, ह्याचा रिव्ह्यूशी तसा संबंध नाही. येल विद्यापीठात २००२ मधे रोझेनब्लिट आणि काइल यांनी मोठ्या माणसांना विचारलं की चेन म्हणजे झिप, कुलूप, संडासचा फ्लश हे कसं चालतं ते तुम्हाला कितपत माहितीये, लोकांनी स्वतःला भरपूर मार्क दिले. मग म्हणाले आता एकेक पायरी सांगा, आणि सांगताना लोकांनी स्वतःच मार्क कमी केले. लिव्हरपूलमधे रेबेका लॉसनने २००६ मधे सायकलचं केलं, रोज दिसणारी सायकल पण काढताना लोक चुकतात, चेन पुढच्या चाकाला पण जोडतात.

मी घरी केलं. हिने काढली ती सायकल वळलीच नसती, दोन्ही चाकांना जोडणारी सरळ दांडी. मी बरी काढली, कारण आधी वाचलं होतं. अण्णांना म्हटलं काढा, तर “तीस वर्सां सायकल चालवलंय, माका काय शिकवतस?” आणि काढली तर पेडल पुढच्या चाकाला. पोरगा हसून हसून खाली बसला. मग अण्णा कागद घेऊन अंगणात गेले, पडवीतली जुनी गंजकी सायकल बाहेर काढली, पेडल हाताने फिरवत बराच वेळ बघत राहिले आणि पोराला हाक मारून चेन कुठून कुठे जाते ते समजावलं. तो रिपोर्ट नसलेला माणूस.

पोराचं सध्या काय करतोय तर वहीतला प्रत्येक हिशोब आधी आंब्यात सांगायचा, मग मांडायचा, आणि उत्तर आलं की एवढे पैसे गिऱ्हाईक देईल का ते बघायचं. धडे पण नुसते परत परत वाचायला लावत नाही, पुस्तक बंद करून आठव म्हणतो. हे पण वाचलेलंच, रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग, २००६, लगेच विचारलं तर परत वाचणारे पुढे, पण आठवड्याने विचारलं तर आठवून बघणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं आणि परत वाचणाऱ्यांना ४२. फुकट आहे. पोरगा कुरकुरतो, कारण पुस्तक बंद असताना येत नाही हे त्याला लगेच कळतं. परवाच्या चाचणीत २० पैकी ११. पॉइंट अजून कधीकधी हरवतो.

पैसे परत मागितले. रिपोर्ट पर्सनलाइज्ड असल्यामुळे रिफंड नाही म्हणाले. मी म्हटलं अण्णांचा तर रिपोर्टच नाही, त्याचे द्या. बरीच फोनाफोनी झाली, शेवटी दीड हजाराची क्रेडिट नोट दिली, हॅंडरायटिंग नाहीतर मेमरीच्या कोर्सला ॲडजस्ट होईल, मुदत सहा महिने. नोट अण्णांच्या नावाने आहे आणि वापरायला अंगठा लागतो.