सूर्यास्ताचे पैसे भरले, परतीची बोट मात्र रद्द

मी नागपुरात एका कार्यालयाच्या हिशेब शाखेत आहे. दौऱ्यावरून आलेल्या लोकांची प्रवासबिलं तपासणं हे माझं काम. ऑटोच्या पावतीवर खाडाखोड दिसली तरी मी बिल परत पाठवते, त्यामुळे ऑफिसात माझ्याबद्दल फारसं चांगलं बोलत नाहीत. अशा बाईला गेल्या डिसेंबरात अंदमानच्या एका दिवसाच्या सहलीत एका एजंटनं कसं गुंडाळलं, ते लिहिते आहे. थंडीत आपल्याकडून अंदमानला बरीच मंडळी जातात आणि तो माणूस अजून गिऱ्हाइकं घेतोच आहे. प्रकरण ग्राहक आयोगात असल्यामुळे नाव लिहीत नाही.

विमानाची तिकिटं आणि पोर्ट ब्लेअरचं हॉटेल आम्ही आमचंच केलं होतं. अडलं होतं ते फक्त हॅवलॉक बेटापाशी. आम्ही चौघं: मी, नवरा, कॉलेजातला मुलगा आणि सासूबाई. आईंचं वय ७१, दोन्ही गुडघे दुखरे. घोळक्यामागे धावणं त्यांना जमणार नाही, म्हणून त्या दिवसापुरती आमची स्वतंत्र गाडी आणि स्वतंत्र गाईड घ्यायचं ठरलं. आईंची फर्माईश एकच होती, समुद्रात सूर्य बुडताना पाहायचा. "फुटाळा तलावावर लय पाहिला, आता खरा दाखव," म्हणाल्या.

एजंट नणंदेच्या ओळखीतून मिळाला. नागपुरातच बर्डीच्या बाजारात दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, भिंतभर निळ्या पाण्याचा फोटो, बसल्या बसल्या आल्याचा चहा. "ताई, तुमी टेन्शनच नका घेऊ. आईंचा हात धराले आपला पोरगा उभा राहते तिथं. मराठी बोलनारा गाईड देतो." कागदावर त्यानं काय दिलं ते सांगते: येण्याजाण्याची बोट, खासगी एसी गाडी, खासगी गाईड, एलिफंट बीच, काळापत्थर, जेवण आणि शेवटी राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त. चौघांचे ३२,००० रुपये. त्याखाली आणखी एक ओळ होती, 'स्वराज द्वीप ॲड-ऑन, माणशी १,२००'. म्हणजे ४,८००. एकूण ३६,८००.

मी बेरीज तपासली. बेरीज अगदी बरोबर होती.

पैसे त्यानं यूपीआयवर मागितले. नंबर फर्मच्या नावावर नव्हता, एका बाईच्या नावावर होता. "घरचंच खातं आहे, ताई." ऑफिसात कुणी असं बिल आणलं असतं तर मी त्याला तिथंच उभं केलं असतं. जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल मागितलं तेव्हा म्हणाला, "सहल झाल्यावर देतो." मीही बरं म्हटलं. नणंदेची ओळख, त्यात चहा प्यायलेला. अशा वेळी जीभ जड होते हे खरं आहे.

पोर्ट ब्लेअरला पहिला दिवस छान गेला. सेल्युलर जेलच्या सात भुजांपैकी आता तीनच उभ्या आहेत. आई तिसऱ्या मजल्यावरच्या सावरकरांच्या कोठडीपर्यंत हट्टानं चढून गेल्या आणि गुडघ्यांची सगळी शिल्लक तिथंच संपवून आल्या. रात्री दहाला हॉटेलवर फोन आला, मी लोकल पार्टनर बोलतोय. बेटावर जायचा परवाना काढायचा राहिलाय, माणशी ७०० पाठवा, नाहीतर सकाळी जेट्टीवर अडवतील. नागपूरला एजंटला फोन केला तर हे भाऊ म्हणाले, हो, ते सरकारी असते, देऊन टाका. २,८०० दिले. भारतीय पर्यटकाला हॅवलॉकला जायला कसलाही परवाना लागत नाही, हे नंतर कळलं. परवानगीची भानगड आहे ती बाराटांग बेटाच्या रस्त्यावर, कारण तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो आणि गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्यानंच सोडतात. आमच्या सहलीत बाराटांग नव्हतंच.

सकाळची बोट व्यवस्थित मिळाली. दीड तासाचा प्रवास, पाणी शांत. मुलगा तिकीट वाचत होता. एकदम म्हणाला, "आई, तिकिटावर स्वराज द्वीप लिहिलंय. मग हॅवलॉक कुठाय?" शेजारच्या सीटवरचे गृहस्थ मोठ्यानं हसले. हॅवलॉकचंच नाव डिसेंबर २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं. त्याच वेळी नील बेटाचं शहीद द्वीप झालं आणि रॉस बेटाला नेताजींचं नाव मिळालं. पुढे २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरही श्री विजयपुरम झालं. म्हणजे आम्ही एकाच बेटाचे दोनदा पैसे भरले होते, एकदा जुन्या नावानं आणि एकदा नव्या. बातमी मीही तेव्हा वाचली होती, पण बर्डीवरच्या त्या खुर्चीत बसल्यावर आठवायची कशाला? नवऱ्यानं डोक्याला हात लावला. मी अजून समजूत घालत होते, ४,८०० गेले, बाकी दिवस तरी नीट जाईल.

जेट्टीबाहेर एक पोरगा आमच्या आडनावाची पाटी घेऊन उभा होता. जीव भांड्यात पडला. मग पाहिलं तर त्याच्या हातात अशा चार पाट्या होत्या. चार कुटुंबं, मिळून पंधरा माणसं, आणि एक टेम्पो ट्रॅव्हलर. चौघांकडेही 'प्रायव्हेट टूर'चेच कागद. तिघांनी वेगवेगळ्या शहरांतून बुकिंग केलेलं. आई पायरीकडे बघून म्हणाल्या, "हे तं आपल्या बर्डीच्या ऑटोवानी कोंबून राहिले." पोरगा बंगाली आणि हिंदी बोलत होता. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची कुटुंबं त्या बेटावर वसवली आहेत, त्यामुळे तिथं बंगालीच जास्त ऐकू येते. मराठी गाईडचं विचारलं तर बिचारा ओशाळला. त्याला दिवसाची मजुरी मिळते, बाकी काही माहीत नाही. त्याच्यावर आवाज चढवून काहीच हाती लागणार नव्हतं, तरी मी चढवला, ह्याचं मला वाईट वाटतं.

एलिफंट बीचची गंमत तर लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिथं जायचे दोन रस्ते, एक जेट्टीवरून स्पीडबोटीनं आणि दुसरा जंगलातून पायी. चांगल्या चालणाऱ्याला अर्धा-पाऊण तास लागतो आणि वाटेत चिखल असतो. ड्रायव्हर म्हणाला, तुमच्या पॅकेजमध्ये पायीच आहे, बोट हवी तर वेगळे पैसे द्या. मी कागद काढला. त्यावर 'एलिफंट बीच भेट' एवढंच. बोट हा शब्द कुठंच नव्हता. बर्डीवर एजंट तोंडानं बोट म्हणाला होता, हाताची नाव करून दाखवलीसुद्धा होती. आई आणि मी झाडाखाली थांबलो, हे दोघं चालत गेले आणि गुडघाभर चिखल घेऊन आले. बोटीनं जाणाऱ्यांना बहुधा त्याच तिकिटात थोडा वेळ स्नॉर्केलिंगही मिळतं, हे तिथल्याच एका चहावाल्यानं सांगितलं.

राधानगर आम्ही पाहिला तो दुपारी साडेबाराला, डोक्यावर ऊन घेऊन, पाऊण तास. पांढरी वाळू, मागं उंच झाडांची रांग, फार सुंदर जागा आहे. २००४ मध्ये 'टाइम'नं त्याला आशियातला सर्वांत चांगला किनारा म्हटलं होतं, ते पटतं. आईंनी विचारलं, सूर्य कधी बुडते? तेव्हा कुठं माझं डोकं चाललं. आमची परतीची बोट चारची. बोटीवर तासभर आधी हजर राहायचं असतं. राधानगर ते जेट्टी बारा-एक किलोमीटर. आणि सूर्यास्त पाचच्या आसपास.

हे गणित मला नागपुरातच करता आलं असतं. अंदमान आपल्या पूर्वेला साधारण चौदा रेखांश आहे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर जवळजवळ तासाचा फरक पडतो, पण घड्याळ मात्र आपलंच. त्यामुळे तिथं सूर्य लवकर उगवतो आणि लवकर मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास अंधारून यायला लागतं. पण बेटावरून पोर्ट ब्लेअरला परतणाऱ्या शेवटच्या बोटी त्याआधीच सुटतात. राधानगरचा सूर्यास्त बघायचा असेल तर हॅवलॉकला मुक्काम करावाच लागतो. म्हणून एका दिवसात परत आणून राधानगरचा सूर्यास्त दाखवतो असं कुणी म्हणालं, तर त्या माणसाकडे पुढचं काही विचारूच नका, उठून या. मला एवढी एक गोष्ट आधी सुचली असती तर बाकीचं काही घडलंच नसतं.

तीन वाजता जेट्टीवर पोचलो. काउंटरवरच्या मुलानं पीएनआर, म्हणजे बुकिंगचा नंबर, टाकला, स्क्रीन थोडी आमच्याकडे वळवली आणि हळू आवाजात म्हणाला, ही तिकिटं रद्द झालेली आहेत. बुकिंगच्या तिसऱ्याच दिवशी. रिफंडही गेलाय.

माझ्या हातातली पीडीएफ खरी होती. नावं आमची, वयं बरोबर, आईंच्या नावापुढे ७१. फक्त मोबाइल नंबर आणि ईमेल एजंटचा. तिकीट काढायचं, पीडीएफ गिऱ्हाइकाला पाठवायची, मग गुपचूप रद्द करून पैसे परत घ्यायचे. रद्द झाल्याचा मेसेज जातो त्याच्याच फोनवर. जातानाची तिकिटं मात्र त्यानं हात न लावता ठेवली होती. मी यावर खूप विचार केला. सकाळीच अडलो असतो तर आम्ही हॉटेलात बसून गोंधळ घातला असता, सगळे पैसे परत मागितले असते. परतीच्या वेळी माणसाला फक्त परत जायचं असतं. मिळेल त्या भावात तिकीट घेतो आणि घरी जाऊन बघू म्हणतो.

आम्हाला तेही मिळालं नाही. सुट्ट्यांचे दिवस, सगळ्या बोटी भरलेल्या. त्या चार पाट्यांपैकी आणखी एका कुटुंबाचं तसंच झालं होतं. चारची बोट आमच्यासमोर गेली. नागपूरचा फोन आधी वाजत राहिला, मग बंद लागला. लोकल पार्टनरचा तर लागलाच नाही. नवरा खोल्या शोधायला गेला, मी दुसऱ्या दिवसाच्या तिकिटांच्या रांगेत उभी राहिले. आईंच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात होत्या. मुलानं घरी शेजारणीला फोन करून कपाटातल्या जुन्या पाकिटाचा फोटो मागवला आणि औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. हे सगळं चाललं असताना जेट्टीमागच्या झाडांत सूर्य गेला. बोट सुटल्याबरोबर रिक्षा करून राधानगर गाठलं असतं तर आईंना सूर्यास्त मिळाला असता, हे मला रात्री खोलीत पडल्यावर सुचलं. त्याची रुखरुख पैशांहून जास्त आहे.

दोन खोल्यांचे ७,००० आणि दुसऱ्या दिवशीच्या बोटीचे वेगळे. रॉस बेट बघायचं राहून गेलं. विमान तिसऱ्या दिवशी होतं म्हणून निभावलं.

नागपूरला आल्यावर बर्डीवर गेले. निळ्या पाण्याचा फोटो तसाच, पण टेबलावर दुसराच मुलगा, कुठल्यातरी क्लासच्या ॲडमिशन घेत होता. जागा महिन्याच्या भाड्यानं वाटून घेतलेली निघाली. परवान्याच्या २,८०० साठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. चार दिवस उलटून गेले होते. यूपीआयचे पैसे वाचवायचे तर त्या नंबरवर लगेच, तासाभरात फोन करावा लागतो. ठाण्यात सांगितलं, हा दिवाणी वाद दिसतो, ग्राहक आयोगात जा. ते ऐकून मी चिडले होते, पण सल्ला वाईट नव्हता. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, अंदमानला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. 'ई-जागृती' पोर्टलवर घरूनच अर्ज भरला, वकील केला नाही. त्याआधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार दिली होती, त्या धक्क्यानं भाऊंनी १२,००० परत केले. सोबत मेसेज, "ताई, लोकल पार्टनरची चूक झाली."

सगळ्यात उपयोगी पडले ते कागद. काउंटरवरच्या त्या मुलाला विनंती करून मी रद्द झाल्याच्या तारखेचा स्क्रीनचा फोटो काढून घेतला होता. तो फोटो जोडला तेव्हा लोकल पार्टनरची कहाणी संपली, कारण तिकिटं ज्या ईमेलवरून काढली आणि रद्द केली तो नागपूरच्याच ऑफिसचा होता. तुम्ही जाल तेव्हा बोटीची तिकिटं एजंटला काढू द्यायची असतील तरी मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा टाकायला लावा. निघायच्या आदल्या दिवशी जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही पीएनआर बोट कंपनीकडे विचारून घ्या. माझ्या भाचीनं मार्चमध्ये तसंच केलं. तिच्या एजंटनं नंबर द्यायला कां-कूं केली तेव्हा तिनं एजंटच बदलला. आणि खासगी गाडी म्हणजे गाडीत आमच्याशिवाय कुणी नाही, हे वाक्य कागदावर लिहून घ्यायला लाजू नका. मी लाजले.

गेल्या महिन्यात भाऊंचा पुन्हा मेसेज आला. इंटरनेटवर मी जो रिव्ह्यू टाकलाय तो काढून टाकला तर उरलेल्या पैशांचं पाहता येईल म्हणे. मी त्या मेसेजचाही फोटो आयोगातल्या कागदांना जोडलाय. पुढची तारीख नोव्हेंबरात आहे. आईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पैसे आले का पहिले मले कोकणात नेजो. तिथं सूर्य पाहाले बोट लागत नाही म्हनते."