बेथलेहेमजवळचा ऑलिव्ह तोडणीचा स्वयंसेवी कार्यक्रम : पाचपैकी तीन तारे

2022च्या ऑक्टोबरमध्ये पॅलेस्टाइनमधल्या, इस्रायलच्या ताब्यातील वेस्ट बँकेत, बेथलेहेमजवळच्या एका संस्थेच्या ऑलिव्ह तोडणीच्या कार्यक्रमात मी आठवडाभर सहभागी झालो. शुल्कात राहणे, जेवण आणि शेतापर्यंतची ने-आण धरलेली होती, आणि यांपैकी कशातही उणे काढायला जागा नव्हती. झाडाखाली ताडपत्री अंथरायची, हाताने किंवा लहान फणीने फळे ओढून पाडायची आणि काड्या-पाने निवडून पोती भरायची, हे काम पहिल्याच सकाळी जमू लागते. इस्रायली वसाहतीला लागून असलेल्या शेतात, तिथल्या वसाहतकऱ्यांच्या भीतीने, एकट्याने जायला पॅलेस्टिनी शेतकरी धजावत नाही. तिथे आपण नुसते सोबत असलो तरी त्याला आधार वाटतो, आणि माझ्या मते या कार्यक्रमाचे खरे मोल तेवढ्यातच आहे.

मला खटकले ते वेगळेच. आमच्या गटात गावातले कोणी आपणहून आलेले नव्हते. यजमान आजोबांनी ‘औना’ या जुन्या रिवाजाबद्दल सांगितले: आज सगळ्यांनी माझ्या शेतात यायचे, उद्या मी तुमच्या, घराचे छत घालतानाही तसेच. ऐकताना आपली इर्जिक डोळ्यांपुढे आली. याच रिवाजाच्या आधारावर 1972 पासून रामल्ला आणि अल्-बीरे या वेस्ट बँकेतील शहरांच्या भागातील तरुणांनी स्वयंसेवी श्रमाच्या समित्या उभारल्या, बीरझैत विद्यापीठाने पदवीसाठी 120 तासांचे समाजकार्य आवश्यक ठरवले, आणि 1987मध्ये सुरू झालेल्या इंतिफादात, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धच्या पॅलेस्टिनी उठावात, शाळा बंद असताना, मोहल्ल्यांतील लोकसमित्यांनी घराघरांत वर्ग चालवले. त्या समित्यांवर इस्रायलने 1988मध्ये बंदी घातली. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातील 1993च्या ओस्लो करारानंतर परदेशी निधी, प्रकल्प आणि पगारी कर्मचारी आले, तसे शेजाऱ्याचे काम हळूहळू संस्थेकडे गेले.

आमच्याबरोबरचे चार स्थानिक विद्यार्थी एका प्रकल्पाच्या दैनिक भत्त्यावर येत होते आणि भत्त्याची मुदत संपताच, तिसऱ्या दिवसानंतर, आले नाहीत. त्यांना मी दोष देणार नाही, कारण जिथे पदवीधरालाही काम मिळत नाही तिथे फुकट दिवस देणे परवडत नाही. संस्थेला मात्र दोष द्यावासा वाटतो: शेवटच्या दिवशी आम्हा पाहुण्यांना प्रमाणपत्रे मिळाली, आमचे अभिप्राय लिहून घेतले गेले, पण ज्यांच्या शेतात आम्ही राबलो त्या आजोबांना कोणी काही विचारले नाही.

जायचे असेल तर अवश्य जावे. पण पैसे भरण्यापूर्वी गावातली किती माणसे सोबत असतील आणि शुल्कातला किती भाग शेतकऱ्याकडे जातो, हे स्पष्ट विचारून घ्यावे.