मीरा की पालवी?

बारसं जवळ आलं की घरात हा वाद हमखास रंगतो. सगळ्यांना ठाऊक असलेलं सुटसुटीत नाव ठेवायचं, की मनात भरलेलं, नात्यागोत्यात कुणाचंच नसलेलं? मुलीसाठी दोन नावं शेजारी ठेवून बघू.

मीरा कुठेही चालतं. नागपूर असो, चेन्नई असो की परदेश, कुणी अडखळत नाही. पणजीलाही हाक मारायला सोपं. फार तर वर्गात आणखी एखादी मीरा निघेल आणि बाई आडनावानं हाक मारतील.

पालवी म्हटलं की चैत्र डोळ्यांपुढे येतो. पण फोनवर हे नाव सांगून बघा, समोरचा 'पल्लवी' लिहून मोकळा होतो. केसपेपरवर, हजेरीत, बँकेत तेच. "पल्लवी नाही हो, पालवी. प ला काना," हे त्या पोरीला जन्मभर सांगावं लागणार. बोलक्या मुलीला त्यात मजा वाटेल, बुजऱ्या मुलीला ते नकोसं होईल. आणि बाराव्या दिवशी तिचा स्वभाव कुणाला कळतो?

तरी मला पालवी आवडतं, कारण तो आपल्या बोलण्यातला जिवंत शब्द आहे. ओवी, सई, मल्हार ही नावं अशीच हौसेनं ठेवली गेली आणि रुळली. रियांश, क्रियांश, वियांश या मालिकेचं मात्र मला पटत नाही. वेगळं म्हणून ठेवायचं आणि वर्गात त्याच चालीची चौघं निघायची, शिवाय अर्थ विचारला की आईबाबाच गडबडतात.

नावाचं ओझं खरंच असतं. २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकुशा', म्हणजे नकोशी, अशा नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींना समारंभानं नवी नावं दिली गेली, ती उगाच नाही.

आता कागदपत्रांचं. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण तेव्हा नाव दिलंच पाहिजे असं नाही. पुढे १२ महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येतं. तोवर दोन्ही नावांनी हाका मारून बघा. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रातल्या सरकारी कागदांवर बाळ, आई, वडील, आडनाव असं चौपदरी लिहिलं जातं, त्यामुळे लांबलचक नाव फॉर्मच्या चौकटीत मावणं अवघडच.

माझा कौल असा: आडनाव जोशी, पाटील, शिंदे असं सरळ असेल तर बिनधास्त पालवी ठेवा. आडनावच दर वेळी फोड करून सांगावं लागत असेल, तर दाखल्यावर मीरा आणि पालवी हे पाळण्यातलं नाव. काहीही ठरवा, इंग्रजी स्पेलिंग मात्र आधी कागदावर लिहून पक्कं करा. मीराचीसुद्धा दोन स्पेलिंगं होतात, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांच्या शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरला जातो.